वाचलेले आणि मानलेले

आपल्याकडे पावसाळा हा जसा पेरणी-लावणीचा, तसाच वाचनाचाही हंगाम मानला गेला आहे. ज्या काळी नद्यांना उतार मिळत नसे आणि वाटा चिखलात बुडून जात, त्या काळी संन्यासी एकाच गावी मुक्काम ठोकून राहत, गृहस्थ ओसरीवर बसून पोथी ऐकत, आणि चातुर्मासाच्या या सक्तीच्या स्थैर्यातूनच श्रवणाचा शिरस्ता घराघरांत रुजला. आज भिवंडीहून कल्याणकडे जाणारा रस्ता मालमोटारींनी बारा महिने भरलेला असतो, टेमघरच्या आसपास यंत्रमागांचा खडखडाट श्रावणातही थांबत नाही. तरीही हा शिरस्ता पुरता मोडलेला नाही. एका घरात श्रीधराची पोथी लागलेली असते. बौद्ध वस्त्यांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या निमित्ताने बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते. श्रावण सरता सरता श्वेतांबर जैनांच्या पर्युषणात कल्पसूत्र वाचले जाते. आणि रमजानचा महिना चांद्र गणनेमुळे सर्व ऋतूंतून फिरत असला, तरी तो ज्या ऋतूत येईल त्या ऋतूत मशिदींतून रात्रीच्या तरावीहच्या नमाजात कुराण क्रमाने ऐकवले जाते, आणि महिन्याच्या तीस रात्रींना पुरावेत असे त्याचे तीस विभागही परंपरेने पाडून ठेवले आहेत. धर्म निराळे, भाषा निराळ्या, ग्रंथ निराळे. परंतु एक नेमलेला ग्रंथ नेमलेल्या मुदतीत आदीपासून अंतापर्यंत वाचावा किंवा ऐकावा, ही रीत मात्र सर्वांची एकच आहे.

गेल्या श्रावणात माझे वाचन या शिस्तीला धरून झाले नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. तेथून आणलेली काही पुस्तके, घरच्या फडताळातली काही, आणि एक-दोन स्नेह्यांनी हाती ठेवलेली, अशी त्या महिन्याची शिबंदी होती. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’, धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, छांदोग्य उपनिषदाचे एक सटीप भाषांतर, आणि वर उल्लेखिलेला बाबासाहेबांचा ग्रंथ, ही पुस्तके एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदावीत अशी मुळीच नव्हेत. एकाने जे उभारावे ते दुसऱ्याने तपासायला घ्यावे, आणि तिसऱ्याने त्या दोघांचाही दावा फेटाळून लावावा, असाच तो मामला होता. घरातली वडीलधारी आत्या हा सारा पसारा काही दिवस मुकाट्याने पाहत होती. एका संध्याकाळी पोथीचा रुमाल सोडता सोडता तिने विचारले, “अरे, एवढं वाचतोस, पण त्यातलं मानतोस काय?” तिच्या स्वरात उपहास नव्हता, खरीखुरी जिज्ञासा होती, आणि म्हणूनच प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. पुष्कळ वाचणाऱ्या माणसाला श्रद्धा असू शकते काय, आणि असलीच तर ती त्याच्या वाचनातून येते की वाचनाला न जुमानता टिकून राहते, असा तो धर्मचिंतनातला जुना प्रश्न होता; आत्याने तो पाच-सात शब्दांत बसवला एवढेच.

प्रथम आत्याच्या पक्षाची कैफियत नीट मांडली पाहिजे. श्रीधराच्या ‘पांडवप्रतापा’ची तिची प्रत सुट्या आडव्या पानांची आहे. पानांच्या कडा बोटांच्या स्पर्शाने काळवंडून मऊ झाल्या आहेत आणि एका जागी तेलाचा डाग तीन पाने भेदून गेला आहे. चौसष्ट अध्यायांची पोथी श्रावणाच्या महिन्यात बसवायची म्हणजे रोज दोन अध्याय वाचूनही चार उरतात. ते ती सोमवारी उपवासाच्या दिवशी एकेक करून भरून काढते. दिवसाचे वाचन संपले म्हणून ती लगेच पोथी बांधत नाही. पुढच्या अध्यायाच्या दोन-चार ओव्या म्हणून मगच रुमालाला गाठ मारते, म्हणजे आजची कथा उद्याच्या हवाली केलेली असते. या वाचनातून तिला नवी माहिती अशी काहीच मिळत नाही. कौरव हरणार हे तिला ठाऊक आहे, कोणत्या ओवीला कोणाचा धावा येणार हेही ठाऊक आहे. पारायणाचे मर्मच हे की त्यात ग्रंथ स्थिर असतो आणि वाचणारा बदलत असतो. गतसालचे वैधव्य, यंदाचे नातवंड, गुडघ्यांचे दुखणे हे सारे घेऊन तो पुन्हा त्याच ओवीपाशी येतो, आणि आपण कोठून कोठे आलो याची मोजदाद त्याला त्या अचल खुणेवरून करता येते. ज्याने दर महिन्याला निराळा ग्रंथ धरला, त्याला अशी खूण कोठून मिळणार?

या पक्षाला श्रुतीचाही आधार आहे. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो, तेव्हा तुला आधी काय येते ते सांग, असे सनत्कुमार म्हणतात. आणि नारद जी यादी देतो ती कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी शोभावी अशी आहे. चारही वेद, पाचवे इतिहासपुराण, व्याकरण, श्राद्धकल्प, गणित, उत्पातांचे ज्ञान, निधिशास्त्र, वादविद्या, नीती, नक्षत्रविद्या, क्षात्रविद्या, सर्पविद्या असा मोठा तपशील देऊन झाल्यावर तो कबूल करतो की आपण मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही, आणि म्हणून शोकात आहोत. सनत्कुमारांचे उत्तरही रोखठोक आहे: हे सारे नुसते नाम आहे. बहुश्रुततेचा इतका संक्षिप्त निवाडा जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल, आणि पारायणनिष्ठ मंडळी तो नेहमी आपल्या बाजूने रुजू करतात.

तथापि तो अध्याय तेथे संपत नाही. सनत्कुमार नामाला झिडकारीत नाहीत. नामाची उपासना कर, असेच सांगतात, आणि नामाहून मोठे काय, या नारदाच्या प्रश्नावर वाणी, मन, संकल्प, चित्त अशा पायऱ्या चढवीत त्याला अखेर भूम्यापर्यंत, म्हणजे ज्याला मर्यादा नाही अशा तत्त्वापर्यंत नेतात. चढण सुरू होते ती त्या वाचलेल्या विद्यांपासूनच. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्याला काय उणे आहे हे नारदाला कळले, ते इतके सारे पाहून झाल्यावर. एकच विद्या शिकलेला मनुष्य आपले समाधान न होण्याचे खापर त्या विद्येच्या अपुऱ्या अभ्यासावर फोडीत राहतो. आणखी एक आवर्तन केले की उजाडेल, असे त्याला वाटत राहते. नारदापाशी ही सबब उरली नव्हती. विविध वाचनाने शोक जात नाही हे खरे, परंतु शोकाचे खरे ठिकाण दाखवण्याचे काम ते करू शकते, आणि गुरूच्या दारापर्यंत नारदाला आणले ते त्या यादीनेच.

भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत तर याच्याही पुढे जातो. चोवीस गुरू करणारा हा पुरुष भ्रमराकडून असे शिकतो की लहानमोठ्या सर्व शास्त्रांतून सार तेवढे घ्यावे. आणि मधमाशीकडून त्याच्या नेमके उलट शिकतो, की जी साठवीत बसते तिचा साठा मध काढणारा घेऊन जातो आणि ती स्वतःही त्यात मरते. वाचनाचे गुण आणि दोष हे दोन्ही एकाच ठिकाणी इतक्या जवळजवळ क्वचितच मांडले गेले असतील. या स्कंधावर मराठीत विस्तृत टीका रचणाऱ्या नाथांचे चरित्रही येथे आठवते. एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत आपले भागवत पुरे केले, आणि त्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. कारण तीन शतकांच्या नकलांमधून त्या ग्रंथात नाना पाठभेद शिरले होते. ज्या ग्रंथाला देव मानायचे त्याच्याच प्रतींतील हा पाठ खरा आणि तो पाठ प्रक्षिप्त, असा निवाडा देताना नाथांचा हात अडखळला नाही. चिकित्सा केली म्हणजे भक्ती ढळते, असे मानणाऱ्याने पैठणच्या या वाचकाकडे एकवार पाहावे.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे वळू. त्या महिन्यात खांडववनाच्या दाहाची कथा मला दोनदा भेटली: एकदा आत्याच्या तोंडून, एकदा ‘युगान्ता’त. पोथीत ती अग्निदेवाच्या तृप्तीची आणि कृष्णार्जुनांच्या पराक्रमाची कथा आहे. इरावतीबाई तीच कथा घेतात आणि त्या वनात राहत कोण होते, ते पळू लागले तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांना अडवण्याचे प्रयोजन काय, असे विचारतात. आणि नव्या राज्यासाठी जमीन मोकळी करण्याकरिता केलेले ते क्रूर कृत्य होते, अशा निष्कर्षावर येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानता येत नाहीत. येथे सुशिक्षित माणूस बहुधा एका गोड वाक्याचा आश्रय करतो, की शेवटी सगळे एकच सांगत असतात. हे वाक्य सहिष्णुतेचे दिसते, पण त्याचा उगम बहुतेक वेळा आळसात असतो. नेवाशास शके १२१२ मध्ये झालेली ज्ञानेश्वरी आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ या दोन्ही एकाच गीतेवरच्या टीका. परंतु गीतेचे तात्पर्य ज्ञानोत्तर कर्मयोगात आहे, हे सिद्ध करण्यासाठी लोकमान्यांनी शंकराचार्यांसह पूर्वीच्या टीकाकारांशी उघड मतभेद मांडला आणि त्यासाठी शेकडो पाने खर्ची घातली. त्या पानांवरून हात फिरवून ‘दोघांचे म्हणणे एकच’ असे म्हणणारा दोघांपैकी कोणाचाच मान ठेवीत नाही. त्याने दोघांनाही ऐकलेलेच नाही, एवढेच त्यातून शाबीत होते.

आपल्या शास्त्रकारांची रीत याहून कडक होती. आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच बाजूने, होईल तितक्या सामर्थ्याने मांडायचे, आणि मगच त्याचे उत्तर द्यायचे, ही त्यांची शिस्त. ज्या ग्रंथातला पूर्वपक्ष दुबळा, त्याचा सिद्धान्तही पंडितसभेत हलका ठरे. नाना ग्रंथ वाचणे म्हणजे आपल्या मनातल्या श्रद्धेसाठी समर्थ पूर्वपक्ष जमा करणे होय. आत्याच्या पोथीत पूर्वपक्ष नाही, हे तिचे उणे. आणि माझ्यासारख्याच्या महिन्यात पूर्वपक्षच पूर्वपक्ष, सिद्धान्ताची तारीख सदैव पुढे ढकललेली, हे त्याचे उणे. साक्षी-पुरावे घेत राहायचे आणि निकाल कधीच द्यायचा नाही, असा कारभार दरबारात खपत नाही. मग तो अंतःकरणात का खपावा?

याचे उत्तर मला त्या महिन्यात तर्कग्रंथांपेक्षा चरित्रांत अधिक सापडले. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात तीन पुरुष असे झाले की ज्यांचा धर्म बदलण्यास आरंभी जवळजवळ योगायोगाने हाती आलेले वाचन कारणीभूत झाले. गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींना ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचायला मिळाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने बायबलातला नवा करार भेट दिला. आणि विद्यार्थी भीमरावांच्या परीक्षेतील यशाच्या सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. एक मासिक, एक भेट, एक बक्षीस. तिन्ही वस्तू क्षुल्लक वाटाव्यात अशा. पण या तिघांपैकी कोणीही पुस्तक मिटताक्षणी उठून धर्म बदलला नाही. कोसंबींनी १८९९ मध्ये घर सोडले ते काही वर्षांच्या तळमळीनंतर, आणि पुणे, काशी, नेपाळ असे हिंडत सिंहलद्वीपात भिक्षू होईपर्यंत १९०२ साल उजाडले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतः तो पंथ स्वीकारला १९०० मध्ये, आणि ही पाच वर्षे त्यांना कशी गेली याची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त ज्या निर्मळ विनोदाने सांगितली आहे, त्याखाली किती यातना दडल्या आहेत हे सावकाश वाचणाऱ्यालाच उमगते. बाबासाहेबांच्या बाबतीत तर शाळकरी वयातल्या त्या पुस्तकापासून १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेपर्यंत जवळजवळ तीन दशके, आणि घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत आणखी एकवीस वर्षे लोटली. त्या अवधीत त्यांनी इतर धर्मांचाही अभ्यास केला, आणि आपला ग्रंथ छापून आलेला पाहण्यापूर्वीच ते गेले.

वाचलेले आणि मानलेले यांच्यामधला हा जो अवधी, त्यालाच याज्ञवल्क्याने मैत्रेयीला सांगितलेल्या क्रमात मनन म्हटले आहे: आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन. टेमघरच्या माणसाला ही गोष्ट कळायला फार लांब जावे लागू नये. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी येथे आणून शुद्ध केले जाते आणि मग ते आसपासच्या शहरांना जाते. पावसाळ्यात ते येते तेव्हा लाल, गढूळ असते. त्याला तुरटी लागते, वाळूचे थर लागतात, पण या दोहोंच्या मध्ये त्याला काही काळ नुसते संथ राहू द्यावे लागते, आणि तो काळ वाचवण्याची तजवीज कोणत्याही कारागिराला साधलेली नाही. एका महिन्यात वाचलेली पुस्तके ही अशीच नुकती नदीतून उचललेली असतात. त्यांतले मानतोस काय, या प्रश्नाला महिन्याच्या अखेरीस तत्काळ जे उत्तर दिले जाईल ते गढूळच असणार. आणि जो मनुष्य श्रावणात गीतारहस्य वाचून भाद्रपदात कर्मयोगी होतो, तो आश्विनात आणखी काही झालेला असतो.

हा अवधी नुसता सोसायचा, एवढेच त्याचे महत्त्व असते तर गोष्ट वैयक्तिक साधनेपुरती राहिली असती. भिवंडीत मात्र तिला निराळे वजन आहे. या शहरात मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये हिंदू-मुसलमानांचे दंगे झाले; त्यांची आठवण येथल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात अजून मध्येच येऊन थबकते. दंग्यांची कारणे राजकारणात, धंद्यात आणि अफवांत असतात, ग्रंथांच्या अज्ञानात ती सगळी शोधणे भोळेपणाचे होईल. पण येथे भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे दर साली आपापला एकेक ग्रंथ निष्ठेने पुरा करतात, एकाच मागावर दिवसपाळी-रातपाळी करतात, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे कोणता ग्रंथ वाचला जातो, त्यात काय आहे, याची त्यांना जन्मभर गंधवार्ताही नसते, ही वस्तुस्थिती काही कमी विचार करायला लावणारी नाही. त्या ग्रंथाविषयी जे काही त्यांना माहीत असते ते बहुधा त्या ग्रंथाच्या शत्रूंकडून ऐकलेले असते.

असे का होते, याचे एक कारण मला आता स्पष्ट दिसते. वाचले म्हणजे मानले, असे आपण मनोमन गृहीत धरून चाललेलो असतो. पारायणात ते खरेही असते. तेथे वाचणे आणि मानणे ही एकच क्रिया आहे, आणि तेच त्या वाचनाचे सौंदर्य. परंतु हीच रीत सर्व वाचनाला लावली की परक्याचा ग्रंथ उघडणे हाच धर्मद्रोह ठरतो, कारण तो उघडणे म्हणजे त्याच्या स्वाधीन होणे. वाचन आणि मान्यता यांच्यामध्ये अंतर आहे आणि ते राखण्याचा वाचकाला हक्क आहे, हे एकदा कबूल केले, तरच शेजाऱ्याची पोथी निर्भयपणे हाती घेता येते. पेणजवळच्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांनी हे करून दाखवले आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली रविवारमागून रविवार गीतेवर प्रवचने देणारा आणि गीतेला आई मानणारा हा पुरुष अरबी शिकून मूळ कुराण वाचीत बसला, आणि १९६२ मध्ये त्याचे ‘कुराणसार’ निघाले. त्याची गीतेवरची निष्ठा त्यामुळे तसूभरही ढळली नाही, आणि कुराणाशी त्याने ‘शेवटी सगळे एकच’ असा स्वस्त तहही केला नाही. आयतीमागून आयत निवडीत तो त्या ग्रंथासमोर विद्यार्थी होऊन बसला. ज्याची स्वतःची बैठक पक्की असते त्यालाच असे बसता येते, हे खरे. पण असे बसल्यानेही बैठक पक्की होत जाते, ही बाजू आपण विसरतो.

म्हणून पारायण आणि विविध वाचन यांतून एकाची निवड करण्याचा आग्रह मला पटत नाही. आत्याचा ग्रंथ तिला घडवतो; आणि खांडववनातल्या जळत्या पक्ष्यांच्या ओव्यांपाशी तिचा आवाज दर साली मंदावतो, हे मी ऐकले आहे, म्हणजे इरावतीबाईंचा प्रश्न तिच्या पोथीतही कोठेतरी दबलेला आहेच. माझ्या महिन्याने मला कोणताही सिद्धान्त दिला नाही. पूर्वपक्ष मात्र त्याने मला नावानिशी दिले, आणि त्यांतला कोणता माझ्या श्रद्धेच्या वर्मी लागतो हेही दाखवले: पराक्रम आणि पूजा यांच्या वर्णनाखाली मेलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो, हा तो प्रश्न, आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत खांडवाची कथा मला पूर्वीसारखी हात जोडून ऐकता येणार नाही. मानतोस काय, या पृच्छेला आज माझ्यापाशी असलेले प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की जे मानतो त्याला कोणाचा आक्षेप आहे हे मी आता जाणतो, आणि त्या आक्षेपकाला शत्रू न मानता त्याचे म्हणणे ऐकून घेऊ शकतो. धर्मनिष्ठेसाठी एवढे पुरत नाही. पण चार ग्रंथ चार भिंतींआड वाचल्या जाणाऱ्या गावात एकत्र राहायचे असेल, तर त्याची सुरुवात याहून दुसरीकडे कोठे होईल असे मला वाटत नाही.